सुरुवात कुणीतरी करून द्यायची : वाचाघात झालेले एक गृहस्थ, त्यांची पत्नी आणि एक गाणारा गट

ह्या प्रकरणातले गृहस्थ माझ्याकडे आले तेव्हा ६१ वर्षांचे होते. आठ महिन्यांपूर्वी मेंदूच्या डाव्या बाजूला पक्षाघाताचा झटका येऊन गेला होता. उजवा पाय बराच सावरला होता, काठी घेऊन चालायचे. उजवा हात अर्धामुर्धा. वाचा मात्र जवळजवळ गेलेलीच. "हो", "नाही", "ते... ते..." आणि एक सणसणीत शिवी, एवढाच शब्दांचा ऐवज उरला होता.

नाव देत नाही. ओळख पटू नये म्हणून काही तपशीलही बदलले आहेत. गटात सगळे त्यांना काका आणि त्यांच्या पत्नीला काकू म्हणायचे, तेच इथे ठेवते. मी वाचा-उपचार करते, लोकांच्या भाषेत स्पीच थेरपिस्ट. शिवाय आठवड्यातली एक संध्याकाळ एका गाणाऱ्या गटात घालवते. तिथे मी गायला म्हणून जायचे, उपचारबिपचार डोक्यात नसायचे. ह्या दोन गोष्टी एकमेकींत मिसळल्या त्याची ही हकिगत. फाइल काकांच्या नावाची आहे. ती तशीच ठेवावी का, असा प्रश्न मला शेवटी पडला.

आले तेव्हा

काकांना समजत सगळं होतं. "आधी खिडकी लावा, मग पेन उचला" अशी दोन टप्प्यांची सूचना ते बिनचूक पाळायचे. चित्र दाखवून नाव विचारलं की ओठ हलायचे, कपाळाची शीर ताणली जायची, आणि बाहेर पडायचं "ते... ते...". घड्याळाचं चित्र बघून त्यांनी डाव्या हाताचं मनगट माझ्यापुढे धरलं होतं. वस्तू ओळखीची, उपयोग ठाऊक, शब्द तेवढा तोंडापर्यंत येत नाही. ह्याला ब्रोका प्रकारचा वाचाघात म्हणतात. पॉल ब्रोका ह्या फ्रेंच शल्यवैद्याने १८६१ साली, 'टॅन' एवढाच उच्चार करू शकणारा एक रुग्ण वारल्यावर त्याच्या मेंदूची तपासणी केली आणि डाव्या कपाळामागचा बिघडलेला भाग दाखवून दिला. त्या भागाला आजही त्याचंच नाव आहे.

आता ती शिवी. घरात तिने फार घोळ घातला होता. मुलाचं म्हणणं असं की बाबा शिवी खणखणीत देतात, म्हणजे जीभ धड आहे. मनावर घेतलं तर बोलतील, मुद्दाम बोलत नाहीत. वाचाघातात असं होतं. मुद्दाम जुळवून बोलायची भाषा जाते आणि आपोआप येणारी शाबूत राहते: आकडे मोजणं, वारांची नावं, लहानपणीचं पाठांतर, शिव्या. ह्यूलिंग्स जॅक्सन ह्या ब्रिटिश मेंदूतज्ज्ञाने हे एकोणिसाव्या शतकातच नोंदवून ठेवलंय. पण आठ महिन्यांत घरच्यांना हे सांगितलं नव्हतं कुणी. मी सांगितल्यावर मुलगा खाली मान घालून बराच वेळ बसला होता.

काकूंची तक्रार काहीच नव्हती. निदान तोंडाने नव्हती. मी काकांना काही विचारलं की उत्तर काकूंकडून यायचं, तेही प्रश्न पुरा होण्याआधी. झोप कशी लागते? "तीनला जागे होतात." दुखतं कुठे? "खांदा, उजवा." मग काका हात झटकून "नाही, नाही, ते..." म्हणायचे, काकू दुसरा अंदाज करायच्या, तिसरा करायच्या. दिवसभर हेच चालत असणार. कोडं सोडवणारीलाही कंटाळा येतो आणि ज्याचं कोडं झालंय त्यालाही. पण मी फाइलमध्ये त्या दिवशी ह्यातलं काही लिहिलं नाही. 'पत्नी सहकार्य करतात' एवढंच लिहिलंय. आज वाचताना मलाच राग येतो.

गाणं निघालं

तिसऱ्या भेटीत मी एक ते दहा मोजून घेतले. मी "एक, दोन" म्हटलं आणि काकांनी "तीन, चार" पासून दहापर्यंत गाडी नेली. मग सगळ्यांना तोंडपाठ असतं अशा एका जुन्या गाण्याचा मुखडा मी धरला. तिसऱ्या शब्दाला काका आत आले, शब्दांसकट, पहिला अंतरा संपेपर्यंत. काकूंना रडू कोसळलं. "आवाज आला हो, आवाज आला!"

इथे थेरपिस्टला वाईटपणा घ्यावा लागतो, आणि तो लगेच घ्यावा. हे बोलणं नव्हे. गाण्यातले शब्द एकामागून एक साखळीने येतात. त्यातला 'पाणी' हा शब्द उचलून तहान लागल्यावर वापरता येईल असं नाही. मी गाणं थांबवून त्याच गाण्यातला एक शब्द काकांना नुसता म्हणायला सांगितला. "ते... ते..." काकूंचा चेहरा बघवेना.

हा प्रकार नवा नाही. ओलोफ डालिन ह्या स्वीडिश माणसाने १७४५ सालीच अशी एक नोंद केली होती. उजवं अंग गेलेला आणि 'हो' पलीकडे बोलू न शकणारा एक जण आजारापूर्वी पाठ केलेली भजनं धडधाकट माणसासारखी स्वच्छ म्हणू शकत होता. त्या नोंदीत आणखी एक बारीक तपशील आहे: सुरुवातीला कुणीतरी सोबत म्हणून त्याला थोडा हात द्यावा लागे. शिकत असताना मी हे वाचलं होतं आणि गाण्याचा चमत्कार तेवढा लक्षात ठेवला होता. हात देणारा माणूस विसरले होते. ते पुढे अंगाशी आलं.

गाणं का निघतं ह्याबद्दल मतं बदलत गेली आहेत. भाषा डावीकडे आणि सुरावट उजवीकडे, म्हणून उजवा मेंदू डाव्याचं काम उचलतो, असं बरीच वर्षं सांगितलं जायचं. त्याच विचारातून १९७३ साली अमेरिकेत बॉस्टनच्या मंडळींनी एक पद्धत मांडली: छोटी वाक्यं दोन सुरांत गाऊन म्हणायची आणि अक्षरागणिक डाव्या हाताने ताल द्यायचा. ती आजही वापरतात, मीही वापरते. पण २०११ साली जर्मनीत १७ रुग्णांवर केलेल्या अभ्यासात दिसलं की सुरापेक्षा तालाचा आणि शब्द पाठ असण्याचा वाटा मोठा आहे. त्याआधी, २००६ साली, माँट्रियलच्या संशोधकांनी आठ रुग्णांकडून गाऊन घेतलं, बोलून घेतलं, एकट्याने आणि कुणाच्या तरी बरोबरीने. एकटे गाताना त्यांना शब्द बोलण्यापेक्षा काही जास्त जमले नाहीत. दुसऱ्या आवाजाच्या सोबतीने गाताना मात्र जमले, आणि नुसतं सोबतीने बोलण्यापेक्षाही जास्त जमले.

हा शेवटचा निष्कर्ष वाचूनच मी काकांना गटात आणायचं ठरवलं. सोबतीचा एक आवाज माझा होताच. चौदा असले तर काय होतं ते बघायचं होतं.

गटाची संध्याकाळ

गट रुग्णांचा नाही, हे आधी सांगते. दोघांना कंपवात आहे आणि त्यांचा आवाज पुटपुटल्यासारखा झालाय. एका आजींना फुप्फुसाचा जुना आजार आहे. बाकीचे निवृत्त, नोकरदार, एक कॉलेजातली मुलगी. कुणी गाणं शिकलेलं नाही, कीबोर्ड वाजवणाऱ्या ताई सोडून. निवड नाही, परीक्षा नाही. बेसूर गाणारे दोन आहेत आणि ते दोघं नेमके सगळ्यांत मोठ्याने गातात. त्यावर आजवर इलाज सापडलेला नाही.

काका आले तेव्हा पहिल्या दिवशी काकू बाहेरच्या बाकावर बसल्या. आत खुर्च्या अर्धगोलात. मी काकांच्या डाव्या हाताला बसले, कारण ताल त्याच हाताने द्यायचा होता.

पहिली अडचण कागदाची. सगळ्यांच्या हातात शब्दांचे कागद होते. काकांचं वाचनही गेलेलं, आणि चालता हात एकच. तो कागदात अडकला की ताल बंद. पुढच्या आठवड्यापासून ताईंनी कागदच काढून टाकले. एक गाणं तीन आठवडे घोटायचं, पाठ करूनच गायचं. दोन-तीन जण कुरकुरले. पण महिन्याभरात असं दिसलं की माना वर आल्या. लोक एकमेकांच्या तोंडाकडे बघून गाऊ लागले, आणि उठाव, म्हणजे ओळीची सुरुवात, पहिल्यांदाच एका वेळी पडायला लागला. ही सोय काकांसाठी केली होती, फायदा सगळ्यांचा झाला.

दुसरी अडचण पट्टीची, म्हणजे गाणं किती उंच सुरात धरायचं त्याची. ताई स्वतःच्या गळ्याला सोयीची काळी तीन धरायच्या. वरच्या षड्जाला पुरुषांचे गळे ताणायचे, कंपवातवाले तर तिथे नुसते ओठ हलवायचे. पट्टी पांढरी दोनवर उतरवली. आता आजींना खालचे सूर लागेनात, पण त्या म्हणाल्या, "खालचं मी मनात म्हणते, तुम्ही म्हणा." भिडस्त नाहीत त्या, खरंच तसं करतात.

मग श्वास. मुखडा सुरू व्हायच्या आधी ताई उजवा हात किंचित वर नेतात आणि चौदा माणसं नाकाने हवा आत घेतात. तो आवाज ऐकू येतो, एखादा पडदा वाऱ्याने आत ओढला जावा तसा. काकांना शब्दाची सुरुवात जमत नव्हती, पण ह्या श्वासाची सुरुवात जमायची. तिथे शब्द लागत नाही. आणि श्वास एकदा बरोबरीने आत गेला की पहिलं अक्षर पुष्कळदा आपोआप बाहेर यायचं. माझ्या खोलीत, टेबलासमोर बसवून, मी त्यांना पहिल्या अक्षरासाठी किती झगडवलं होतं. श्वासाकडे लक्षच दिलं नव्हतं.

श्वासाचा हिशोब सोपा आहे. ओळ दहा सेकंदांची असेल आणि ओळीआधी एकदाच श्वास घेतला तर मिनिटाला सहा होतात. स्वस्थ बसलेला मोठा माणूस एरवी १२ ते २० घेतो. श्वास आत घेताना हृदयाचे ठोके जरा वाढतात, सोडताना मंदावतात. त्यामुळे सगळ्यांनी एकाच जागी श्वास घेतला, तर ठोक्यांचे चढउतारही एकत्र होऊ लागतात. स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या संशोधकांनी २०१३ साली अठरा वर्षांच्या मुलामुलींवर हे मोजून दाखवलं. 'हृदयं एक होतात' वगैरे मथळे त्यावर निघाले. मला त्यात कविता दिसत नाही, हा श्वासाचा परिणाम आहे. पण लांब श्वास सोडायची इतकी सोपी शिकवणी दुसरी नाही, हेही खरं. आजींना फुप्फुसाच्या डॉक्टरांनी सांगितलेले श्वासाचे व्यायाम त्या घरी टाळतात, इथे तासभर बिनतक्रार करतात.

काकांचा उजवा खांदा दुखायचा, पक्षाघातानंतर पुष्कळांचा दुखतो. गाऊन झाल्यावर अर्धा-एक तास त्यांचा हात त्या खांद्याकडे जात नसे, हे काकूंनी टिपलं, मी नाही. लंडनमधल्या एका मोठ्या गायकवृंदाच्या २०१६ च्या अभ्यासात सरावानंतर लोकांची वेदना सोसायची मर्यादा वाढलेली दिसली होती. काकांच्या बाबतीत कारण तेच का, की लक्ष दुसरीकडे गेलं म्हणून, ते एका माणसावरून ठरवता येणार नाही. दुखणं थांबत नव्हतं, एवढं मात्र नक्की. ते पुन्हा यायचं.

माझी चूक

पाचव्या महिन्यात गटाने घरच्या मंडळींसाठी एक छोटा कार्यक्रम ठेवला. मी सुचवलं, एका गाण्याच्या मुखड्याची पहिली ओळ काका एकटे म्हणतील, मग सगळे उचलतील. ताई म्हणाल्या, "कशाला?" मी म्हटलं, त्यांचा आत्मविश्वास वाढेल. खरं कारण सांगायचं तर मला दाखवायचं होतं. चाळीस-पन्नास माणसं बसणार, त्यात काकांचा मुलगा असणार.

माझ्या खोलीत आम्ही तीनदा सराव केला, तिन्ही वेळा ओळ आली. मी समोर बसून आवाज न करता ओठ हलवत होते, हे माझ्या लक्षातच आलं नाही. कार्यक्रमाच्या दिवशी मी त्यांच्या मागच्या रांगेत होते.

ताईंनी सूर दिला. काका उभे राहिले. काहीच आलं नाही. ताईंनी सूर पुन्हा दिला. कपाळाची शीर ताणली, ओठ हलले, आणि माइकवरून ती शिवी आली, अगदी स्पष्ट. मागे कुणीतरी हसलं. मुद्दाम हसलं नसेल, पण हसलं.

तेवढ्यात समोरच्या दुसऱ्या रांगेतून काकूंनी ओळ धरली. फार वरच्या पट्टीत, बसल्या बसल्या, पर्स मांडीवर तशीच. ताईंना कीबोर्डवर त्यांची पट्टी शोधायला दोन शब्द गेले. तिसऱ्या शब्दाला काका आत शिरले. मग आम्ही सगळे, कुणी ह्या पट्टीत, कुणी त्या. मी ऐकलेलं ते सगळ्यात वाईट गाणं होतं.

सगळ्यांनी टाळ्या दिल्या आणि पुष्कळांना ते हृद्य वाटलं. काकांना वाटलं नाही. पुढचे दोन आठवडे ते आले नाहीत. तिसऱ्या आठवड्यात काकू एकट्या आल्या, बाकावर न बसता सरळ माझ्यापाशी. "पुन्हा त्यांना एकटं उभं करू नका." मी माफी मागितली. माँट्रियलचा निष्कर्ष मला पाठ होता. एकट्याने जमत नाही, हे त्यात लिहिलेलंच होतं. डालिनच्या नोंदीतही होतं. मी दोन्ही वाचून नेमकी उलटी गोष्ट करून बसले होते.

काकू जायला निघाल्या तेव्हा ताई म्हणाल्या, "काकू, त्या दिवशी तुम्ही पांढरी सहात होतात. त्या उंचीवर जाणारं आमच्याकडे कुणी नाही. बसता का जरा?" ताईंचा स्वभाव मिठ्ठास नाही, त्यांना खरंच वरचा आवाज हवा होता. काकू बसल्या. पुढच्या आठवड्यात काकांना घेऊन आल्या.

काकू

आल्या त्या अर्धगोलाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसल्या. मला वाटलं, रागावल्यात. नंतर कळलं, त्यांनी जागा विचार करून निवडली होती. "शेजारी बसले की माझा हात त्यांच्या बाहीकडे जातो."

ह्यानंतरच्या चार महिन्यांतल्या माझ्या टिपणांत काकांपेक्षा काकूंबद्दलच जास्त लिहिलंय. गाण्यात शब्द सगळ्यांचे आधीच ठरलेले असतात, त्यामुळे तासभर त्यांना काकांच्या मनातला शब्द ओळखावा लागत नव्हता. आठवड्यातला तेवढाच वेळ तो. घरी एक देणारी आणि एक घेणारा. इथे दोघं नुसते गाणारे, तेही एकमेकांपासून सहा खुर्च्या लांब. आजींच्या शेजारी बसून काकू हसायच्या. त्यांचं हसणं मी त्याआधी पाहिलंच नव्हतं.

दुसरी गोष्ट मला अनपेक्षित होती. आमच्या एका गाण्यात मुखडा आणि अंतरा ह्यांच्यामध्ये कीबोर्डचा लांब तुकडा आहे, सोळा मात्रांचा. नवखी माणसं तिथे हमखास आधी घुसतात. काकूही दोन आठवडे घुसल्या. मग मात्रा मोजून थांबायला शिकल्या. एक दिवस माझ्या खोलीत मी काकांना काही विचारलं आणि उत्तर आलंच नाही, कुणाकडूनच. मी काकूंकडे बघितलं. त्यांची बोटं मांडीवर चालली होती. बाराव्या की तेराव्या मात्रेला काका म्हणाले, "ते... उद्या." प्रश्न होता, डॉक्टरांकडे कधी जायचंय.

एका शब्दाचं उत्तर. पण माझ्या प्रश्नाला काकांनी स्वतः दिलेलं, काकूंच्या आधी. वाचाघातात घरच्यांना सांगायची पहिली गोष्ट 'थांबा' ही असते, आणि मी ती काकूंना पहिल्या भेटीतच सांगितली होती. सांगून ती जमत नाही. प्रेमाच्या माणसाला अडखळताना बघणं फार अवघड असतं. गाण्यात थांबायला त्यांना जमलं, कारण तिथे सगळेच थांबलेले असतात.

काय बदललं, काय नाही

नऊ महिन्यांनंतर काकांची चित्रांची चाचणी पुन्हा घेतली. थोडी सुधारणा होती. आठवड्यातून दोनदा माझ्याकडे वेगळा उपचारही चालू होता, त्यामुळे गाण्याचा वाटा किती हे सांगता येत नाही, आणि मी सांगणार नाही. आपणहून वाक्य जुळवणं जवळपास होतं तिथेच. दोन-तीन उपयोगाची वाक्यं ताल देऊन बसवली ती टिकली: "पाणी द्या", "थांबा जरा", "मला सांगू द्या". तिसरं वाक्य काकांनी स्वतः मागून घेतलं, खुणेने, काकूंकडे बोट दाखवून.

फिनलंडमध्ये वाचाघाताच्या ५४ रुग्णांना आणि त्यांच्या घरच्यांना घेऊन गटाने गायचा मोठा प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २०२३ साली आले. संवादात सुधारणा दिसली, माणसांत मिसळणं वाढलं, आणि सांभाळणाऱ्या घरच्या माणसांवरचा ताण कमी झाला. हा तिसरा मुद्दा मी काकूंना बघेपर्यंत तळटीप समजत होते.

गटाने गाण्याचे फायदे सांगताना लोक फार सैल सुटतात. स्मरणशक्ती वाढते, आयुष्य वाढतं, काय वाटेल ते. सॅन फ्रान्सिस्कोतल्या ३९० ज्येष्ठांवरच्या, २०२० साली छापलेल्या अभ्यासात एकटेपणा घटला आणि जगण्यातला रस वाढला. स्मरणशक्ती आणि शारीरिक क्षमता ह्यांत फरक दिसला नाही. इंग्लंडमधल्या साठीच्या वरच्या २५८ जणांना १४ आठवडे गायला लावून केलेल्या २०१५ च्या प्रयोगात मानसिक आरोग्याच्या बाजूने फायदा दिसला. माझ्या गटाशी हे जुळतं: कंपवातवाल्यांचा कंप तसाच आहे, पण दोघं एकमेकांना फोन करतात.

ही गट्टी गाण्याने झाली की दर आठवड्याला भेटल्याने, हा रास्त प्रश्न आहे. ऑक्सफर्डच्या काही संशोधकांनी प्रौढांच्या गाण्याच्या वर्गांची तुलना हस्तकला आणि लेखनाच्या वर्गांशी सात महिने केली, तेही २०१५ सालीच. शेवटी जवळीक सगळ्या वर्गांत सारखीच झालेली होती. फरक एवढाच की गाणाऱ्यांची फार लवकर झाली. मला हा निष्कर्ष निराश करणारा वाटत नाही. ज्याला ओळख करून घ्यायला बोलताच येत नाही, त्याच्यासाठी 'लवकर' हा शब्द फार मोठा आहे. हस्तकलेच्या वर्गात काकांना एका हाताने आणि चार शब्दांनी काय करता आलं असतं, ह्याचा विचार करून बघा.

आणखी एक गोष्ट, गट चालवणाऱ्यांसाठी. मार्च २०२० मध्ये अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात एका गायकवृंदाच्या एका सरावाला ६१ जण आले; त्यातल्या ५३ जणांना कोविडची लागण झाली किंवा झाली असावी असं धरलं गेलं, आणि दोघं वारले. बरोबरीने घेतलेला लांब श्वास ही आमची सगळी पुंजी आहे, आणि धोकाही त्यातच आहे. आमच्या हॉलच्या तिन्ही खिडक्या थंडीतही उघड्या असतात. सर्दी-खोकला असेल त्याने यायचं नाही, हा एकच नियम ताई कडकपणे पाळायला लावतात.

त्या नियमानेच परवा काकांना घरी बसावं लागलं. ताप नव्हता, पण खोकला होता. मुलाने सकाळीच फोन करून सांगितलं की बाबा येणार नाहीत. आम्ही दोन खुर्च्या बाजूला काढून ठेवल्या. पहिलं गाणं सुरू व्हायला ताईंचा हात वर गेला तोच काकू दारात, धापा टाकत. ताईंनी हात तसाच धरून ठेवला.

"त्यांच्यापाशी मुलगा बसलाय," काकू म्हणाल्या आणि स्वतःच खुर्ची ओढून आणली. "माझा तास कशाला बुडवू?"